पांढरे अनुस्वार

९ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई,

तुझं पत्र येऊन महिना उलटला आणि मी उत्तराला बसतेय ती आज. आळस म्हणू नकोस. काय लिहायचं आणि किती, हेच ठरत नव्हतं. सगळा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासली, दुसऱ्यांच्या चुका काढल्या. पण स्वतःचं एक पान लिहायचं म्हटलं की हात आखडतो.

तेव्हा सरळच लिहिते. आमच्या भागातल्या दवाखान्यात पन्नाशीपुढच्या बायकांची छातीची तपासणी चालू आहे. शेजारीण निघाली होती, एकटीला भीती वाटते म्हणाली, म्हणून मी सोबत गेले. तिचं सगळं नीट निघालं आणि सोबतीला गेलेली मी अडकले. डाव्या बाजूच्या फोटोत काहीतरी दिसलं म्हणून पुन्हा बोलावलं, पुन्हा त्या यंत्रात दाबून धरलं, आणि तेवढाच भाग मोठा करून फोटो काढला. तिथल्या बाईंनी मला तो पडद्यावर दाखवला. काळ्या पानाच्या एका कोपऱ्यात बारीक पांढरे ठिपके. एखाद्या शिकाऊ कंपोझिटरच्या हातून अनुस्वारांचा खण उपडा झाल्यासारखे.

मी विचारलं, "गाठ आहे का?"

"गाठ नाही. कॅल्शियमचे कण आहेत. खूप बायकांना असतात आणि बहुतेक वेळा त्यांचं काही नसतं. पण हे सगळे एका आकाराचे नाहीत, आणि घोळका करून बसलेत. तिथला तुकडा काढून बघायला हवा."

त्यासाठी त्यांच्याकडे एक उंच टेबल आहे, मधोमध भोक असलेलं. बाईनं पालथं झोपायचं, छाती त्या भोकातून खाली सोडायची. खाली यंत्र ती धरून ठेवतं, फोटो काढत काढत सुई नेमकी कणांपर्यंत नेतं. तोवर मान एका बाजूला वळवून निपचित पडायचं. माझी मान तुला माहीत आहे. ती आता वळते ती धडासकट. तरी चढले. बाई "अजून थोडंच, आजी" म्हणत राहिल्या, आणि सुई यायच्या आत पाठीत असा गोळा आला की दोघींनी धरून मला खाली उतरवलं. कपड्यांची बटणंही त्यांनीच लावली.

आता म्हणतात, ऑपरेशन करून तेवढा भाग काढू, नाहीतर सहा महिने थांबून पुन्हा फोटो काढू. मला सहा महिने आवडले.

चिरंजीवांना सांगितलेलं नाही. त्यांच्या वडिलांच्या आजारपणात ते दवाखान्याच्या जिन्यात कसे बसून राहायचे, ते तू पाहिलंयस. पुन्हा तो जिना नको.

तू याच कामातली, म्हणून विचारते. थांबले तर चालेल ना? फोन करू नकोस. फोन बाहेरच्या खोलीत, चिरंजीवांच्या कानाशी असतो, आणि फोनवर बोललेलं मागाहून खोडता येत नाही.

— आई
(तुमचा घटस्फोट झाल्यापासून इथे दुसरं काय लिहायचं ते सुचलेलं नाही, म्हणून हेच चालू ठेवलंय.)


१६ फेब्रुवारी

आई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. एकदा तुमचं म्हणून आणि एकदा पेशंटचं म्हणून. दोन्ही वेळा उत्तर एकच आलं. थांबू नका.

ते कण स्वतः काही करत नाहीत. खाली काही चाललं असेल तर वर दिसणारी ती खूण असते. बहुतेक वेळा खाली काही नसतं, जुन्या सुकलेल्या पेशी असतात आणि विषय तिथेच संपतो. पण ठिपके वेगवेगळ्या आकाराचे आणि एकाच जागी गोळा झालेले असले, तर नुसतं बघून कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. मीही नाही. तुकडा काढल्याशिवाय कळत नाही.

ते टेबल तुमच्यासाठी नाही, हे खरं. पण दुसरी एक वाट आहे, ती त्यांना विचारून बघा. सोनोग्राफीत बघत बघतही सुई घालता येते. त्यात उताणं झोपायचं, डावा हात डोक्यावर, खांद्याखाली उशी, मान हवी तशी. दाबणं नाही, पालथं होणं नाही. सुई जाताना पडद्यावर दिसत राहते.

अडचण एवढीच की इतके बारीक कण सोनोग्राफीत सहसा दिसत नाहीत. मॅमोग्राफीत, म्हणजे त्या दाबून काढलेल्या फोटोत, ते काळ्यावर पांढरे उठतात. सोनोग्राफीचं चित्र करडं, ढगाळ. त्यात पांढरे ठिपके तसेही पुष्कळ असतात. कोणते आपले, ते मॅमोग्राफीचा फोटो शेजारी ठेवून, जागा हेरून, चिवटपणे शोधावं लागतं. सापडले तर पुढचं काम सोपं.

ते काहीही म्हणोत, सगळे फोटो डिस्कवर घेऊन मला पाठवा.

आणि त्याला सांगा. आमचं दोघांचं जमलं नाही ती गोष्ट वेगळी. जिन्यात बसायचा हे खरं, पण रोज तिथवर यायचा, हेही मी पाहिलंय.

मी इथे बरी आहे. काम खूप आहे. उत्तर लगेच पाठवा, शुद्धलेखन नाही तपासलंत तरी चालेल.

— तुमची डॉक्टरीण


२७ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई,

सांगितल्याप्रमाणे केलं. सोनोग्राफी करून घेतली. डॉक्टर तरुण, वागायला नम्र. जेल गार आहे म्हणून त्यांनी माझी आधी माफी मागितली. ते यंत्राचं तोंड इकडून तिकडे फिरवत राहिले, मधून मधून पडद्याजवळ वाकले, आणि शेवटी म्हणाले, "आजी, मला तर काहीच दिसत नाही."

खोटं कशाला सांगू, मला हायसं वाटलं. एवढ्या मोठ्या यंत्राला दिसत नाही म्हणजे नसेलच काही. कदाचित पहिल्या फोटोवरच धूळ पडली असेल. छापखान्यात असं व्हायचं. पानावर टिंब दिसायचं, मी खूण करायचे, आणि ते टिंब म्हणजे कागदातला कचरा निघायचा. घरी आले, खिडकी उघडली, चहा घेतला. बऱ्याच दिवसांनी चहाला चव लागली.

डिस्क सोबत पाठवते आहे, तू मागितलीस म्हणून. तातडी नाही. तुझ्या सवडीनं बघ.

इथे बाकी सगळं नेहमीसारखं. एका निवृत्त प्राध्यापकांनी आत्मचरित्र लिहिलंय, त्याची मुद्रितं माझ्याकडे आहेत. गृहस्थांनी पुस्तकभर मृत्यू ऱ्हस्व लिहिलाय. मी बसून एकेक लांबवते आहे.

चिरंजीव मजेत. नवीन बूट आणलेत, ते चावतात म्हणून घरातही घालून फिरतात. त्यांना सांगण्यासारखं आता काही उरलेलं नाही.

— आई


६ मार्च

आई,

तुमचा चहा बेचव करायला लिहिते आहे, राग मानू नका.

ती धूळ नाही. सगळे फोटो मी बघितले, दोन वेगळ्या बाजूंनी काढलेले, आणि ठिपके दोन्हीकडे त्याच जागी आहेत. त्या डॉक्टरांचीही चूक नाही. मी लिहिलं होतं ना, हे कण सोनोग्राफीत सहसा दिसत नाहीत. आपल्याला दिसले नाहीत एवढंच त्यांनी सांगितलं. नाहीत, असं ते म्हणाले नाहीत. तुम्ही एक शब्द गाळून वाचलंत, आणि हे मी तुम्हाला सांगावं याचं मलाच नवल वाटतं.

तुम्ही इकडे या. आमच्याकडचं यंत्र जरा बारीक बघतं, आणि मी रोज हेच करते. मी स्वतः शोधीन. सापडले तर सुईही मीच घालीन, दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही. नाही सापडले तर ऑपरेशनचं बोलू. पण सहा महिने नाहीत.

राहायला आमच्याकडेच. 'आमच्याकडे' हा शब्द लिहिला आणि पेन खाली ठेवलं. आता पुन्हा उचललंय.

आई, मी गेल्या वर्षी लग्न केलं. ते जमिनींची मोजणी करतात. शांत आहेत, आणि मी कामावरून उशिरा आले तर का म्हणून विचारत नाहीत. तुम्हाला कळवायचं म्हणून चार वेळा पत्र सुरू केलं. प्रत्येक वेळी वाटलं, हे वाचलं की तुमची पत्रं थांबतील. तसं करणं तुमचं बरोबरच ठरलं असतं. पण ती थांबायला नको होती, म्हणून लिहिलं नाही. हे आधी सांगायला हवं होतं. आता सांगते आहे ते तुम्हाला इथे उतरायचंय म्हणून, हे त्याहून वाईट.

तुम्हाला अवघड वाटत असेल तर दवाखान्याजवळ चांगली खोली बघते. पण या.

— तुमची


११ मार्च

डॉक्टरीणबाई,

लग्नाचं मला माहीत होतं.

मागच्या उन्हाळ्यात तुझ्या पाकिटावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता बदलला. नवा पत्ता वेगळ्याच अक्षरात होता, आणि घरनंबरातल्या इंग्रजी साताच्या पोटात आडवी रेघ होती. तू साताला रेघ मारत नाहीस. बायकांनी नुसतं घर बदललं तर पत्ता त्या स्वतःच लिहितात. तुझ्यासाठी कुणीतरी हौसेनं पाकीट लिहितंय, हे मी तेव्हाच ओळखलं. तू सांगशील म्हणून थांबले. मग वाटलं, सांगत नाही म्हणजे मला आता परकी धरते आहे. दोघी एकाच भीतीपायी गप्प बसलो होतो म्हणायचं.

येते. खोली नको. तुमच्याकडेच उतरेन. तुझ्या मोजणीदारांना सांग, म्हातारी कमी जागा घेते.

चिरंजीवांना सांगितलं की छापखान्यातल्या जुन्या मैत्रिणीकडे आठवडाभर जाते आहे. वाक्य व्याकरणाच्या दृष्टीनं निर्दोष होतं.

तू सुई घालणार, म्हणून येते आहे. दुसऱ्या कुणाचं ऐकून एवढा प्रवास केला नसता.

— आई


२५ मार्च

डॉक्टर,

सुखरूप पोचले. गाडीत जागा चांगली मिळाली. पट्टी तुझ्या सांगण्याप्रमाणे काढली. जागा आधी निळी होती, आता कडेनं पिवळी होत चालली आहे. दुखणं नाहीच म्हटलं तरी चालेल.

तुमच्या घरी माझी सगळी सोय झाली. मोजणीदारांना माझे आभार सांग. पलंग माझ्या पाठीला खाली पडतो, हे त्यांनी पहिल्याच संध्याकाळी ओळखलं आणि फीत आणून, मोजून, चारी पायांखाली लाकडी ठोकळे दिले. न विचारता करणारी माणसं थोडी असतात. तुझं बरं चाललंय हे डोळ्यांनी पाहिलं, समाधान वाटलं.

आता जे मनात आहे ते लिहून मोकळी होते.

पहिल्या दिवशी संध्याकाळी तुझ्या त्या अंधाऱ्या खोलीत तू मला निजवलंस. जेल कोमट करून आणलं होतंस. एका पडद्यावर माझा जुना फोटो लावलास आणि दुसऱ्यावर शोधायला लागलीस. एरवी दर वाक्याला हसणारी तू, एक अक्षर बोलत नव्हतीस. मी छताकडे बघत पडले होते. बऱ्याच वेळानं तुझा हात एका जागी थांबला.

मी विचारलं, "दिसले?"

"दिसले."

"शाबास," मी म्हटलं.

तू त्यावर काही बोलली नाहीस. कातडीवर पेनानं फुली मारलीस आणि जेल पुसून काढलंस. मला वाटलं, दमली असेल. मी मात्र खुशीत होते. जे त्या मुलाला दिसलं नाही ते हिला दिसलं, आता उद्या हिच्याच हातानं काम होईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेबलावर झोपले, हात डोक्यावर घेतला, आणि आत आल्या त्या दुसऱ्याच बाई. गुणगुणत हातमोजे चढवत होत्या. तू म्हणालीस, "आई, या करतील." आणि माझ्या डोक्याशी येऊन उभी राहिलीस.

बाई चांगल्या होत्या, त्यांच्याविषयी तक्रार नाही. बधिर करायचं इंजेक्शन चुरचुरलं, मग काही कळलं नाही. दर वेळी आधी सांगायच्या, "आता खट्ट वाजेल," आणि कागदाला टाचणी मारल्यासारखं खट्ट वाजायचं. काढलेले तुकडे आत नेऊन त्यांचा फोटो काढला. परत येऊन त्या म्हणाल्या, "यांत कण आले नाहीत. पुन्हा घेऊ." तेव्हा तू माझा खांदा घट्ट धरलास, मला कळलं. जागा जराशी सरकवून पुन्हा घेतले. त्या फोटोत ठिपके आले. मग आत खुणेसाठी धातूचा बारीकसा तुकडा सोडला आणि झालं.

एवढ्या लांब मी तुझ्या हातासाठी आले होते. तू लिहून दिलं होतंस, दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही म्हणून. ऐन वेळी तू बाजूला झालीस आणि का, ते सांगितलं नाहीस. जेवताना तू दुसऱ्याच गोष्टी बोलत होतीस, आणि मलाही विचारवेना. कायद्यानं मी तुझी आता कुणी लागत नाही, हे मला कळतं. तू केलंस ते पुष्कळ केलंस. पण मनाला लागलं, ते लपवत नाही.

रिपोर्ट आला की इथल्या डॉक्टरांकडे पाठवलास तरी चालेल.

कळावे.


३१ मार्च

आई,

आधी रिपोर्ट. तो आज सकाळी आला. हे पत्र पोचायच्या आत तुमचे डॉक्टर तुम्हाला बोलावून सांगतील, मी त्यांच्याशी बोलले आहे. पण तिथे बसून ऐकलेलं निम्मं डोक्यात शिरत नाही, म्हणून पुन्हा कागदावर देते. सावकाश वाचा.

तुकड्यांमध्ये कर्करोगाच्या पेशी सापडल्या. त्या दुधाच्या नळ्यांच्या आतच आहेत, नळीची भिंत ओलांडून बाहेर आलेल्या नाहीत. ही सगळ्यात आधीची पायरी. या पायरीवर तो हाती लागतो तेव्हा तेवढा भाग काढून टाकतात, पुढे काही आठवडे किरणांचे उपचार देतात, आणि बहुतेक बायका यातून पूर्ण बऱ्या होतात. छाती काढावी लागेल असं आज कुणालाच वाटत नाही. आत ठेवलेली धातूची खूण आहे ना, तिच्या आधारानं सर्जन नेमके तिथेच जातील. काढलेला भाग तपासल्यावरच शेवटचं सांगता येईल, म्हणून "बहुतेक" हा शब्द मी मुद्दाम ठेवलाय. तो गाळू नका.

आता दुसरं.

तुम्ही "शाबास" म्हणालात तेव्हा मी का बोलले नाही, ते सांगते. हे कण सोनोग्राफीत सहसा दिसत नाहीत, एवढं मी तुम्हाला लिहिलं होतं. पुढचं अर्धं लिहिलं नव्हतं. ते जेव्हा दिसतात, तेव्हा बऱ्याचदा त्यांच्याभोवती काहीतरी वाढलेलं असतं, म्हणूनच दिसतात. मी शोधत होते ते सापडावेत म्हणून, कारण त्याशिवाय सुई कुठे घालणार. आणि मनातून एकसारखं वाटत होतं, न सापडोत. एरवी असे कण सापडले की मला बरं वाटतं, खरंच वाटतं, काम जमलं म्हणून. त्या दिवशी पडद्यावर ते दिसले आणि तसं वाटलं नाही, मी पेन घेऊन फुली मारली. तुम्ही खुश होऊन छताकडे बघत होतात.

रात्री घरी यांनी विचारलं, "उद्या तूच करणार ना?" मी हो म्हटलं. सकाळी दवाखान्यात त्या गुणगुणणाऱ्या बाईंना केस दाखवली. आमच्याकडे पद्धत अशी की आपल्या जवळच्या माणसावर आपण सुई चालवायची नाही, ती सहकाऱ्यानं चालवायची. त्यांनी सहज विचारलं, "या कोण तुझ्या?"

ओळखीच्या आहेत, असं म्हटलं असतं तर काम भागलं असतं. ते खोटंही ठरलं नसतं. तुम्हीच लिहिलंत ना, कायद्यानं कुणी लागत नाही. तेवढं बोलून मी सुई हातात घेऊ शकले असते आणि दिलेला शब्द पाळला असता.

मी म्हटलं, "सासूबाई."

"तुझ्या सासूबाईंना मी भेटलेय की. त्या उंच आहेत."

"त्या आत्ताच्या. या आधीच्या."

त्यांनी हातातली फाइल खाली ठेवली. मग म्हणाल्या, "हात दाखव." मी हात पुढे केला. आई, तो थरथरत होता. रोज हेच काम करणारा हात. त्यांनी माझ्याकडचे हातमोजे काढून घेतले आणि म्हणाल्या, "तू डोक्याशी उभी राहा. तिथेही कुणीतरी लागतं."

पहिल्या तुकड्यांत कण आले नाहीत तेव्हा सुई माझ्या हातात असती तर मी घाईनं दुसरी चूक केली असती. त्यांनी शांतपणे जागा बदलली. तुमच्यासाठी तेच बरं झालं.

हे तुम्हाला तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. पण मग हात का थरथरतोय, हेही सांगावं लागलं असतं, आणि रिपोर्ट यायच्या आत तुम्हाला घाबरवायचं नव्हतं. जेवताना म्हणूनच भलत्या गोष्टी बोलत राहिले. तुम्ही दुखावल्यात हे कळत होतं. दोन्हींतलं एकच झाकता येत होतं.

आता मात्र त्याला सांगाच. ऑपरेशनला एकटीनं जायचं नाही. मी येऊ का, तेही कळवा.

— तुमची डॉक्टरीण


९ एप्रिल

डॉक्टरीणबाई,

तुझं पत्र डॉक्टरांच्या आधी पोचलं. बरं झालं. त्यांच्याकडे गेले तेव्हा ते जपून, एकेक शब्द निवडून बोलत होते, आणि मीच त्यांना म्हटलं, "नळ्यांच्या आत आहे ना? मग सांगा मोकळेपणानं." बिचाऱ्यांचा जीव भांड्यात पडला.

घरी येऊन तुझं पत्र पुन्हा काढलं. तो "सासूबाई" शब्द बराच वेळ बघत बसले. एवढंच लिहिते, जास्त लिहायला गेले तर बिघडेल.

रात्रीपर्यंत थांबले नाही. चिरंजीव कामावरून आले, तसं त्यांना स्वयंपाकघरात बसवलं आणि सगळं सांगितलं. फोटो, टेबल, सोनोग्राफी, तुझ्याकडे येणं, रिपोर्ट. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाले, "तू त्या मैत्रिणीकडे गेली नव्हतीस, ते मला माहीत होतं."

"कसं?"

"तू गेल्यावर दुसऱ्याच दिवशी तिचा इथे फोन आला. तू आहेस का म्हणून विचारत होती."

"मग विचारलं का नाहीस मला?"

"मला वाटलं, तुझं तुला काही असेल. तू काय मला विचारून राहतेस?" मग म्हणाले, "आई, मी लहान आहे का?"

ते उठून बाहेर गेले. दार उघडून बघितलं तर आमच्याच जिन्यात, वरून तिसऱ्या पायरीवर बसले होते. मी दार ओढून घेतलं. भाजी चिरायला घेतली. ती शिजेपर्यंत परत आले, हात धुतले आणि विचारलं, "तिनं स्वतः बघितलं ना?"

"बघितलं. शोधलं तिनंच."

"मग ठीक आहे," म्हणाले. "तारीख कधीची?"

पुढच्या महिन्यातली तारीख मिळाली आहे. ते रजा काढताहेत. तू येऊ नकोस, असं मनापासून लिहिते. तुझ्या पेशंट बायका आहेत, आणि मला आता सोबत आहे. तुझ्या मागच्या पत्रातलं एक मात्र दुरुस्त करते. शब्द पाळता आला नाही असं तू सुचवतेस, ते मला मान्य नाही. मी लिहिलेलं ते आधीचं पत्र फाडून टाक. माझ्या हातून कधी नव्हे ते चुकीचं वाचलं गेलं.

— आई


२२ मे

डॉक्टरीणबाई,

झालं. घरी येऊन आज तिसरा दिवस. डाव्या कुशीवर झोपता येत नाही, बाकी सगळं करता येतं, पण करू देत नाहीत. चिरंजीव स्वयंपाक करतात. मीठ दोनदा पडतं किंवा पडतच नाही. मी गप्प खाते.

काढलेल्या भागाचा रिपोर्ट काल मिळाला. कडा सगळ्या स्वच्छ आहेत, नळीबाहेर काही गेलेलं नाही. किरणांचे उपचार पुढच्या महिन्यापासून. डॉक्टरांनी "बहुतेक" शब्द अजून ठेवलाय, मीही तो गाळत नाही. प्राध्यापकांचं आत्मचरित्र परत दिलं, ते नवं प्रकरण जोडताहेत म्हणे.

मोजणीदारांनी पाठवलेले ठोकळे मिळाले. आमच्या पलंगाचे पाय जाड आहेत हे त्यांना कुणी सांगितलं? बरोबर बसले. इकडे येशील तेव्हा त्यांनाही घेऊन ये. मी चिरंजीवांना विचारूनच लिहिते आहे. ते "येऊ देत की" म्हणाले आणि मग बराच वेळ पेपर वाचत होते.

एक सांगायचं राहिलं. काल चिरंजीव मला सर्जनांकडे तपासणीला घेऊन गेले होते. त्यांनी टाके बघितले, त्यांचं समाधान झालं. मग फोटो वर उजेडाला धरून म्हणाले, "ती आतली खूण अगदी नेमकी बसली होती. आमचं काम त्यामुळे सोपं झालं. हे इतकं बारीक कुणी शोधलं?"

मी म्हटलं, "माझ्या सुनेनं."

चिरंजीव शेजारीच उभे होते. त्यांनी काही दुरुस्ती सुचवली नाही.

— आई